एका जागेवर दोघी: वाटून घेतलेल्या नोकरीच्या सेवेचा अनुभव

लोअर परळ येथील आमच्या घाऊक औषध वितरणाच्या कार्यालयात हिशेबनिसाची जागा रिकामी झाली, तेव्हा दादरमधील एका नोकरी सल्लागार संस्थेने एका पूर्णवेळ माणसाऐवजी आठवडा वाटून घेणाऱ्या दोघींची जोडी सुचवली. पगार एकाच जागेचा, म्हणजे ३६,००० रुपये. तो दोघींत निम्मा-निम्मा. संस्थेचे शुल्क एका महिन्याच्या पूर्ण पगाराइतके, आणि तीन महिन्यांत कोणी सोडून गेल्यास बदली विनामूल्य. या व्यवस्थेला आता वर्ष उलटून गेले आहे. माणसे निवडण्यात ही संस्था चोख आहे, पण करार लिहिण्यात कच्ची आहे. आणि वाटून घेतलेल्या नोकरीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नसल्यामुळे या पद्धतीचा सारा भार करारावरच येतो.

निवडीची रीत खरोखर वाखाणण्यासारखी होती. संस्थेने दोन्ही उमेदवारांना एकत्र बसवून आमचीच जुनी खरेदीची बिले टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायला दिली, मध्येच पहिलीला उठवले आणि तिने सोडलेले काम दुसरीला पुढे न्यायला सांगितले. पहिल्या बाई सहकारी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, डोंबिवलीच्या. दुसऱ्या विरारच्या, पदरात लहान मूल असलेल्या. दोघींपैकी एकीनेही पूर्णवेळ नोकरी स्वीकारली नसती, आणि त्या पगारात एवढ्या अनुभवाचा पूर्णवेळ माणूस आम्हाला मिळालाही नसता. मालकाच्या दृष्टीने या पद्धतीचा खरा फायदा हाच आहे. माहितीपत्रकात ज्याचा गवगवा असतो तो ‘दुप्पट उत्साह’ आम्हाला काही दिसला नाही.

आठवड्याची वाटणी बुधवारी दुपारी होते. त्या दिवशी दोघी दोन तास एकत्र असतात आणि या दोन तासांत काम एकीकडून दुसरीकडे जाते. हा वेळ ‘परस्पर सामंजस्याने’, म्हणजे बिनपगारी, धरावा असे संस्थेचे म्हणणे होते. आम्ही ते मानले नाही आणि त्याचा मोबदला वेगळा देतो, कारण हे दोन तास नसतील तर एका जागेवर दोन परकी माणसे बसतात. सुरुवातीला एका दुकानदाराला मुदत संपलेल्या मालाची क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम त्याच्या खात्यात जमा केल्याची चिठ्ठी, देण्याचे मंगळवारी तोंडी कबूल झाले आणि गुरुवारी दुसऱ्या बाईंनी, त्यांच्या बाजूने अगदी रास्तपणे, ती नाकारली. तेव्हापासून हस्तांतराची वही आली. तिच्यातील एक नोंद अशी: ‘घाटकोपरचा परतावा आला. दोन पट्ट्यांचे बॅच नंबर बिलाशी जुळत नाहीत. क्रेडिट नोट थांबवली आहे, त्यांना फोन केला आहे.’ एवढ्या तीन ओळींनी एक भांडण टळते. अशी वही मुळात संस्थेनेच पहिल्या दिवशी द्यायला हवी होती.

तारखांचा प्रश्न मात्र वहीने सुटत नाही. टीडीएसचा, म्हणजे देणी देतानाच कापून घेतलेल्या कराचा, भरणा ७ तारखेला, जीएसटीआर-१ या विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची ११ आणि जीएसटीआर-३बी या कर भरण्याच्या विवरणपत्राची २० तारीख. एखाद्या महिन्यात या तिन्ही तारखा एकीच्याच वाट्याला येतात आणि दुसरीचा महिना सुखात जातो. आम्ही विवरणपत्रे दोघींत कायमची वाटून दिली आहेत, त्यामुळे कधी कधी कामाचा दिवस नसतानाही एखादीला घरून लॉगिन करावे लागते. पगार निम्मा झाला म्हणून जबाबदारी निम्मी होत नाही, ही या पद्धतीतील कर्मचाऱ्यांची तक्रार मला पूर्ण मान्य आहे.

पैशांचा हिशेब संस्थेने सांगितला त्यापेक्षा गुंतागुंतीचा निघाला. आमचे कार्यालय कर्मचारी राज्य विमा योजनेत आहे आणि तिची पगारमर्यादा २१,००० रुपये आहे. ३६,००० पगाराचा एक माणूस त्या मर्यादेबाहेर राहतो, पण १८,००० च्या दोघी आत येतात. आम्हाला ३.२५ टक्क्यांप्रमाणे महिना १,१७० रुपये भरावे लागतात, प्रत्येकीच्या पगारातून ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये जातात, आणि त्या बदल्यात त्यांना व कुटुंबीयांना उपचारांचा हक्क मिळतो. व्यवसाय करात उलट गंमत आहे. महाराष्ट्रात २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही, त्यामुळे या दोघी सुटल्या. त्यांच्या जागी दोन पुरुष असते तर प्रत्येकाचे महिना २०० रुपये कापले गेले असते. भविष्य निर्वाह निधीची सक्तीची वर्गणी ज्या पगारापर्यंत मोजतात ती १५,००० रुपयांची मर्यादाही माणसागणिक लागते, जागेगणिक नाही, त्यामुळे तिथेही मालकाचा वाटा वाढू शकतो. मालकांनी ही आकडेमोड सही करण्यापूर्वी आपल्या हिशेबतपासनिसाकडून करून घ्यावी.

कर्मचाऱ्यांनीही काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. गृहकर्जासाठी बँक निम्मा पगारच पाहते. सोमवारी येणाऱ्या सुट्ट्यांचा लाभ एकीलाच मिळतो, म्हणून आम्ही सणाच्या सुट्ट्या वर्षाअखेरीस मोजून समान करतो. विरारच्या बाईंना मात्र या सगळ्यापेक्षा आठवड्यातले निम्मे दिवस सकाळची लोकल पकडावी लागत नाही, याचेच मोल अधिक वाटते.

‘एक रजेवर गेली तर दुसरी सांभाळते’ हे संस्थेचे आवडते वाक्य आहे आणि एरवी ते खरेही ठरते. गणपतीत मात्र दोघींनाही कोकणात जायचे होते, एकीला मालवणला आणि दुसरीला गुहागरला, आणि तो आठवडा आमच्या वसुलीच्या माणसाने टॅलीसमोर बसून काढला.

करारातील सर्वांत मोठी उणीव अशी, की जोडीतील एकच व्यक्ती सोडून गेली तर उरलेलीचे काय, याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. तिला पूर्णवेळ यावे लागेल का, नवी जोडीदार निवडताना तिचे मत घेतले जाईल का, आणि तीन महिन्यांनंतर शुल्क पूर्ण लागेल की निम्मे? आम्ही लेखी विचारल्यावर संस्थेने पुरवणी करार दिला: उरलेलीवर पूर्णवेळाची सक्ती नाही, निवडीत तिचा सहभाग राहील आणि शुल्क निम्मे. ही पुरवणी मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा पहिल्याच भेटीत ती मागून घ्यावी.