महालातले फ्रेमवाले काका आणि सेगोव्हियाचा फोटो

मागच्या वर्षी स्पेनला गेलो होतो तेव्हा सेगोव्हियाच्या अल्काझार राजवाड्यात एका दालनाच्या छताचा फोटो काढला होता, वर्षभर मोबाईलमधेच पडून होता, शेवटी मोठी प्रिंट काढून नागपुरात महाल भागातल्या बडकस चौकाजवळच्या फ्रेमवाल्या काकांकडे नेला. काकांनी फोटो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हे उलटी नाव हाय का जी?" अगदी बरोबर! त्या दालनाचं नावच गलबताचं दालन, छत उलट्या ठेवलेल्या जहाजासारखं.

मग मी सगळं सांगत बसलो. 1474 मधे इसाबेला कॅस्टिलची राणी झाली ती याच सेगोव्हियात, पुढे राजवाड्यात तोफखान्याची शाळा आली, आणि 6 मार्च 1862 ला आग लागून छतं सगळी खाक झाली, हे छतसुद्धा. आज दिसतं ते परत बांधलेलं. पण आगीच्या वीसेक वर्षं आधी होसे मारिया आव्रियाल नावाच्या चित्रकाराने आतली दालनं, छतं बारकाईने काढून ठेवली होती, 1882 ला दुरुस्ती सुरू झाली तेव्हा तीच चित्रं कामी आली. मला तर ते ऐकून तिथेच भरून आलं होतं.

काका म्हणाले, आपला भोसल्यांचा वाडापण आगीतच गेला ना. खरंच, 1864 ला, म्हणजे दोनच वर्षांनी! काळ्या दगडाचा, लाकडावर सुंदर कोरीव काम असलेला वाडा, उरला तो नगारखाना.

आता कामाबद्दल. फोटो काचेला टेकू देत नाहीत, मधात जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, टाकतात, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून फोटो काचेला चिकटतो. मागच्या बाजूने चारही कडा टेपने बंद करून देतात, धूळ नाही, किडा नाही. कोपरे बोट फिरवून पाहिले, सांधा हाताला लागत नाही. सागवानी रंगाची पट्टी त्यांनीच सुचवली, छताच्या लाकडाला एकदम जुळली. दोन दिवस उशीर झाला तेवढाच, फोन करावा लागला. पैसे वाजवी.

पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. आमच्या आजोबांचा वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत, जिन्याचे, देवघराचे, माडीच्या तुळयांचे फोटो काढून ठेवलेत, सगळे काकांकडेच देतो.