फेस इट अलोन: फ्रेडीसाठी ऐकाच, पण…

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं हे गाणं १९८८ला 'द मिरॅकल' अल्बमच्या वेळी रेकॉर्ड झालेलं, तेव्हा अल्बममध्ये घेतलंच नाही आणि बाहेर आलं थेट ऑक्टोबर २०२२ला, म्हणजे बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी जाऊन जवळपास ३१ वर्षांनी! हेडफोन लावून रात्री ऐकलं, त्याचा आवाज सुरू झाला आणि अंगावर काटाच आला राव. मागे फारसं काहीच नाही, संथ ड्रम, ब्रायन मेची गिटार हळूच वाजत राहते, त्यामुळे आवाजातला एकटेपणा अजूनच टोचतो.

आता खरं सांगू का, गाणं म्हणून अर्धवट वाटतं. चढत चढत जाईल असं वाटतं आणि तिथंच घुटमळतं. तुकडे जोडून उभं केलंय ते कळतं. माझा एक मित्र म्हणाला हा डेमो विकायचा धंदा आहे, दुसरा ऐकून चक्क रडला, मला दोघांचंही पटलं.

आणि हो, हा गडी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, तिथंच पहिला बँड काढला, म्हणून जरा जास्तच जीव अडकतो.

पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन नुसत्या आवाजाला.