मँडेलिक ॲसिड, दहा टक्के: सोलापुरात नऊ महिने वापरल्यावर

चेहऱ्यावर लावायच्या या ॲसिडची बाटली घरी आली तेव्हा सासूबाईंनी नाव वाचलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "ॲसिड? अगं, ते संडासात टाकायचं असतंय ना?" त्यांना समजावताना माझीही जरा तंतरलीच होती. साडेपाचशे रुपये मोजून आपण तोंडाला ॲसिड लावणार, हे मोठ्याने बोललं की कसंतरीच वाटतं.

आधी माझं तोंड कसं आहे ते सांगते, म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. वय 36. त्वचा तेलकट, कपाळावर हाताला लागणारं बारीक पुरळ, हनुवटीवर मुरमांचे काळे डाग, आणि दुसऱ्या बाळंतपणापासून दोन्ही गालांवर वांग. नोकरी टॉवेलच्या कारखान्यात, हिशेबाच्या टेबलावर. घरात कोऱ्या जाड टॉवेलांना तोटा नाही, त्यामुळे लहानपणापासून तोंड धुतलं की खसाखसा पुसायची सवय. मळ निघतोय असं वाटायचं. निघत होती ती कातडी, हे फार उशिरा कळलं. टॉवेलच्या गावात राहून टॉवेलनेच तोंड सोलून घेतलं म्हणा ना.

मँडेलिकच का, तर त्याआधी ऑफिसातल्या मैत्रिणीचं ग्लायकोलिक, म्हणजे याच जातीचं दुसरं ॲसिड, लावून पाहिलं होतं. तिसऱ्या वापराला गाल भाजल्यासारखे झाले. नंतर वाचल्यावर कारण समजलं. ग्लायकोलिकचा रेणू फार छोटा, त्याचं रेणुभार 76. मँडेलिकचं 152, बरोब्बर दुप्पट. रेणू मोठा म्हणून तो कातडीत हळूहळू उतरतो आणि चुरचुर कमी होते. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडे कुठेही चटका बसला की तिथे काळा डाग उरतो. डाग घालवायला जायचं आणि नवीन डाग घेऊन यायचं, हा धंदा मी एकदा करून बसले होते. (मांडेल म्हणजे जर्मनमध्ये बदाम. कडू बदामाच्या अर्कापासून हे पहिल्यांदा केलं गेलं म्हणून हे नाव. माझ्या बाटलीला मात्र बदामाचा वास अजिबात नाही, ओल्या पुठ्ठ्याचा आहे.)

दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरमध्ये सुरुवात केली. आधी चार दिवस कानामागे लावून पाहिलं. मग आठवड्यातून दोनदा, बुधवार आणि शनिवार, रात्री. तोंड धुवायचं, टिपून घ्यायचं, दहा मिनिटं कोरडं होऊ द्यायचं, चार थेंब, त्यावर साधं मॉइश्चरायझर. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड की फेसवॉशला फेसच येत नाही आणि तोंड धुतल्याबरोबर ताणतं. म्हणून ॲसिडच्या रात्री मी पिण्याच्या माठातलं तांब्याभर पाणी घेते. पाणी जपून वापरावं लागणाऱ्या गावात ही चैन आहे, कबूल. पण फरक पडला.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कपाळावर आधीपेक्षा जास्त पुटकुळ्या आल्या. आत अडकलेलं बाहेर येतं असं म्हणतात. माझ्या बाबतीत जिथे नेहमी येतात तिथेच आल्या आणि लवकर बसल्या, म्हणून थांबले नाही. गालावर, जिथे कधीच येत नाहीत तिथे आल्या असत्या तर बाटली बंद केली असती. सहाव्या आठवड्यात कपाळावरून बोट फिरवलं तर गुळगुळीत. हा पहिला खरा फायदा. चमक-बिमक नंतरची गोष्ट.

आणि मग मी माती खाल्ली.

जानेवारीत गड्डा यात्रा, आमच्या सिद्धेश्वराची. पाहुणे येणार, हळदीकुंकू, फोटो. लोभ सुटला आणि सलग तीन रात्री लावलं. चौथ्या दिवशी पार्लरमध्ये आयब्रो आणि अप्परलिप्स. पार्लरवाल्या ताईंनी विचारलं, "काही ॲसिड, रेटिनॉल लावता का?" मी म्हटलं नाही. का म्हटलं देव जाणे, बहुतेक लाज वाटली. दोऱ्याबरोबर ओठावरची नखाएवढी कातडी निघून आली. ताई घाबरल्या, मी "काही नाही, काही नाही" करत राहिले. पुढच्या दिवशी यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वराचं प्रतीकात्मक लग्न. तो जिथे होतो त्या संमती कट्ट्याजवळ नंदीध्वजांची (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांची) वाट बघत भर दुपारी तीन तास उन्हात उभी. सकाळी लावलेलं सनस्क्रीन घामाबरोबर कधीच उतरलेलं. संध्याकाळी ओठावर मिशीसारखा तपकिरी पट्टा. तो जायला अडीच महिने लागले, आणि त्या वर्षीचे हळदीकुंकवाचे सगळे फोटो मी घरच्या ग्रुपवरून गुपचूप उडवले.

तेव्हापासून कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी बुधवार-शनिवारला बारीक टिंब करते. पार्लरच्या आधी पाच दिवस आणि नंतर तीन दिवस टिंब नाही.

उन्हाचं सांगायलाच हवं. या प्रकारच्या ॲसिडने त्वचा उन्हाला हळवी होते, आणि वापर थांबवल्यावरही साधारण आठवडाभर तशीच राहते. रात्री लावलं म्हणजे सुटलो असं नाही. पुण्या-मुंबईच्या मुली वर्षभर वापरतात ते ठीक आहे; इथे एप्रिलमध्ये पारा 42 च्या पुढे गेला की सकाळी नऊला स्कूटीचं सीट चटका देतं. मार्चअखेर मी आठवड्यातून एकदावर आले, मे महिना पूर्ण बंद. जूनमध्ये पाऊस पडल्यावर पुन्हा. बंद काळात कपाळावर थोडं पुरळ परत आलं, डाग परत आले नाहीत. सनस्क्रीन दोन बोटं भरून, दुपारी डबा खाल्ल्यावर परत, वरून स्कार्फ. या सनस्क्रीनचा खर्च धरूनच ॲसिडचा विचार करा. माझी ॲसिडची बाटली कितीतरी महिने जाते, सनस्क्रीनची ट्यूब महिन्यात संपते.

आता हिशेब. कपाळाचं पुरळ गेलं. हनुवटीचे डाग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फिके झाले, दोन जुने अजून दिसतात. नाकावरचे काळे ठिपके कमी. वांग? तसूभरही हललं नाही. शेवटी कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, वांग बऱ्याचदा खोल असतं, ऊन तर वाढवतंच पण उष्णतेनेही वाढतं. नुसत्या ॲसिडने जात नाही. रोज दहा-बारा भाकऱ्या तव्यावर टाकणाऱ्या बाईने हे ऐकून काय करायचं? त्यांनी रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन दिलंय. त्याच्याबद्दल सहा महिन्यांनी सांगेन. मेडिकलमध्ये न विचारता मिळणारी 'गोरं करणारी' ट्यूब मात्र लावू नका म्हणाल्या, त्यात बहुधा स्टिरॉइड असतं. माझ्या नणंदेचं तोंड त्यापायी लालबुंद झालेलं मी पाहिलंय.

तक्रारी दोन. एक, हे चिकट आहे. पंख्याखाली झोपलं की उशीच्या अभ्र्याचे धागे गालाला चिकटतात. दोन, लेबलवर दहा टक्के ठळक लिहिलंय पण पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा) कुठेच नाही, आणि ॲसिड काम करतं की नुसतं बसून राहतं हे बरंचसं पीएचवर ठरतं. कंपनीला मेल केला, उत्तरात सवलतीचं कूपन आलं.

सासूबाईंचं मत अजून तेच: "आम्ही दही लावत होतो, त्यातबी ॲसिडच की." बरोबर आहे, दह्यात लॅक्टिक ॲसिड असतं, फक्त किती ते वाटीला माहीत नसतं. परवा मी शनिवारचे चार थेंब घेत होते तर त्यांनी गुपचूप पदर सरकवून कोपर पुढे केलं. काळं, भेगाळलेलं. दोन थेंब तिथे लावले. "चावत नाही गं," म्हणाल्या, आणि दुसरं कोपर पुढे केलं.