सातपूरचं रसायनांचं दुकान: फेरी सार्थकी लागली

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ॲल्युमिनियम मिसळलेल्या झिंक ऑक्साइडचे पारदर्शक, वीजवाहक थर काचेवर चढवतेय. सामान नाशिकच्या सातपूर एमआयडीसीजवळच्या छोट्या दुकानातून घेतलं. दुकानातले काका आधी विचारतात, "कशासाठी हवंय?" मला तेच फार आवडलं. झिंकचा क्षार विरघळवायला मी इथेनॉल मागितलं, त्यांनी टू-मेथॉक्सीइथेनॉल सुचवलं. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, हे १२४ ला. थर सावकाश वाळतो, सुरकुत्या कमी पडतात. पण हे विषारी, गर्भालाही घातक. हातमोजे आणि फ्यूम हूड (वाफा बाहेर खेचणारं कपाट) यांशिवाय बाटली उघडायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

मोनोइथेनॉलअमाइनची १०० मिलीचीही बाटली मिळते. झिंकच्या क्षाराच्या द्रावणात, झिंकच्या एका मोलला याचा एक मोल घालून ६० अंशांवर ढवळलं की गढूळ द्रावण नितळ होतं. पहिल्यांदा मी ते कमी घातलं. रात्रीत तळाशी गाळ बसला, थर पांढुरका आला. दुसऱ्या खेपेला काचेखालचं अक्षर न् अक्षर वाचता आलं!

ॲल्युमिनियम नायट्रेटच्या बाटलीचं झाकण मात्र सैल होतं, आत खडे झालेले. ते हवेतली ओल ओढतं, मग वजन चुकतं आणि डोपिंगचं, म्हणजे थरात मिसळायच्या ॲल्युमिनियमचं, प्रमाणही. दाखवल्यावर लगेच बदलून दिली. शनिवारी दुपारनंतर जाऊ नका, बंद असतं.