यंत्रमागाच्या गावात इलेक्ट्रिक एअर डस्टर : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

कॉम्प्युटरमधली धूळ हवेच्या झोतानं उडवणारा इलेक्ट्रिक एअर डस्टर घ्यावा का, असं हल्ली बरेच जण विचारतात. माझं उत्तर : जरूर घ्या, पण कॉम्प्युटरचं झाकण उघडायची तयारी असेल तरच. बाहेरून जाळीवर हवा मारून समाधान मानणार असाल तर पैसे वाया जातील, आणि लॅपटॉपच्या बाबतीत तर आहे त्याहून बिघडेल. हा डस्टर मी दिवाळीच्या आधी घेतला आणि आता पावसाळा तोंडावर आला तरी जवळपास रोज वापरते आहे. तेही इचलकरंजीत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इचलकरंजीचा उल्लेख का, ते बाहेरगावच्या लोकांना सांगायला हवं. इथं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि आज गल्लोगल्ली मागांचा खडखडाट आहे. माझं काम कॉम्प्युटरच्या देखभालीचं. सायझिंगची ऑफिसं, सूत व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि खाली माग, वर हिशेबाची खोली अशी कारखानदारांची घरं, हे माझे बहुतेक गिऱ्हाईक. या खोल्यांच्या हवेत सुताचे तंतू सतत तरंगत असतात. साध्या ऑफिसातली धूळ कोरडी आणि सुटी असते, फुंकली की उडते. आमची धूळ धाग्यांची. त्यात ताण्याच्या, म्हणजे कापडातल्या उभ्या, सुताला सायझिंगमध्ये स्टार्चची खळ चढवलेली असते आणि माग चालताना तिची पूड झडते. तंतू एकमेकांत अडकतात, त्यावर ही पूड बसते, पावसाळ्यात सगळं ओल धरतं, आणि प्रोसेसरच्या पंख्याखाली नमद्यासारखा जाड थर तयार होतो. "ताई, कॉम्प्युटर परत आपोआप बंद पडाय लागलाय" असा फोन आला की कारण बहुतेक वेळा हा थरच निघतो.

आधी माझ्यापुढे दोन मार्ग होते. एक म्हणजे दाबाखालच्या गॅसचे डबे. गावात ते सहज मिळत नाहीत, मागवावे लागतात, आणि आमच्याकडचा एक डेस्कटॉप साफ करताना डबा निम्मा संपतो. फवारा चालू असताना डबा गार पडत जातो आणि जोर कमी होतो. तिरका धरला तर आतला द्रव थेट बोर्डावर येतो. बऱ्याच डब्यांत एचएफसी-१५२ए हा वायू असतो, तो पेट घेतो. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या खोलीत तो फवारायची मला कायम धास्ती वाटायची. एचएफसी-१३४ए पेटत नाही, पण वातावरण तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त आहे. दुसरा मार्ग गॅरेजचा कॉम्प्रेसर. त्याचा दाब सहा ते आठ बार असतो, थर क्षणात निघतो, पण टाकीत साठलेलं पाणी आणि तेलाचे कणही हवेबरोबर येतात. पाणी वेगळं काढणारा फिल्टर नसेल तर मदरबोर्डाजवळ ती नळी आणूच नये, आणि आमच्या आसपासच्या बहुतेक गॅरेजांत तो फिल्टर नाही.

मी घेतलेला डस्टर बॅटरीवरचा, हातात मावणारा. ब्रशलेस मोटर, सी टाइप चार्जिंग, चार नळ्या आणि एक ब्रशवालं तोंड. साधारण साडेतीन हजार रुपये पडले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण एकाच बनावटीचं यंत्र बाजारात वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं आणि नावावरून काहीच ठरत नाही. खोक्यावर मिनिटाला लाखाच्या पुढे फेऱ्या असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. त्या आकड्याकडे बघू नका. इवलासा पंखा कितीही फेऱ्या मारो, नळीतून किती हवा किती वेगानं येते आणि तो वेग किती मिनिटं टिकतो, हे महत्त्वाचं. दाबाच्या बाबतीत हे यंत्र कॉम्प्रेसरच्या किंवा गॅसच्या डब्याच्या जवळपासही जात नाही. त्याचं बळ वेगळं आहे : हवा थांबत नाही, गार पडत नाही आणि तिच्यात पाणी नसतं. मात्र नळीपासून जसजसं लांब जाल तसतसा झोत झपाट्यानं पसरतो. वीतभर अंतरावरून मारलेली हवा आमच्या धुळीला हलवतसुद्धा नाही. दोन-तीन बोटांवर नळी आणली की काम होतं.

डेस्कटॉपचं काम यानं खरंच सोपं झालं आहे. कॅबिनेट खोलीत उघडायचं नाही, गॅलरीत किंवा अंगणात न्यायचं. प्लग काढायचा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवायची. मग आधी मऊ ब्रश, नंतर हवा. हा क्रम आमच्याकडे उलटा चालत नाही. खळ बसलेला थर हवेनं सुटत नाही, ब्रशनं तो मोकळा करावा लागतो, मगच हवा त्याला उचलते. हवा मारताना पंख्याची पाती आईस्क्रीमच्या काडीनं अडवून धरा. डस्टरच्या झोतात पंखा त्याच्या नेहमीच्या गतीपेक्षा कितीतरी जोरात फिरतो, बेअरिंग खराब होतं आणि फिरणारी मोटर उलट बोर्डाकडे वीज ढकलू शकते. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, उघडू नका, बाहेरूनच जाळीतून हवा द्या. प्लग काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ ३०० व्होल्टहून जास्त दाब राहू शकतो.

लॅपटॉपवर मात्र थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होताना बघते आहे. लॅपटॉपमध्ये खालून किंवा बाजूनं हवा ओढली जाते, पंखा ती तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक पत्र्यांच्या रांगेवर ढकलतो आणि ती कडेच्या फटीतून बाहेर पडते. तंतू अडकतात ते पंखा आणि या पत्र्यांच्या मधोमध, म्हणजे बाहेरून कुठूनच दिसत नाहीत अशा जागी. झाकण बंद ठेवून खालच्या जाळीतून हवा मारली तर थर पत्र्यांवर आणखी घट्ट बसतो. कडेच्या फटीतून मारली तर तोच थर सुटून पंख्याच्या पात्यांत जातो आणि पंखा खरखरायला लागतो, कधी जागच्या जागी अडकतो. दोन्ही प्रकारचे लॅपटॉप माझ्याकडे आले आहेत, दोन्ही वेळा मालकांनी नुकताच नवा डस्टर घेतलेला होता.

बरोबर पद्धत अशी. खालचं झाकण काढा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, जमत असेल तर पंख्यावरची पट्टी किंवा पंखाच स्क्रू काढून बाजूला करा. थर चिमट्यानं उचला. आमच्याकडे तो अखंड पट्टीच्या पट्टी निघतो. त्यानंतर सगळ्यात बारीक नळी लावून बाहेरच्या फटीतून आतल्या दिशेनं, म्हणजे नेहमीच्या प्रवाहाच्या उलट, हवा द्या. पत्र्यांच्या आतले राहिलेले तंतू पंख्याच्या मोकळ्या जागेत येऊन पडतात, तिथून ते उचलता येतात. एका सूत व्यापाऱ्यांच्या लॅपटॉपवर नुसतं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं तरी प्रोसेसर ९० अंशांच्या पुढे जायचा आणि गती आपोआप कमी व्हायची. या सफाईनंतर तेच काम करताना तो ६५ ते ७० अंशांत राहिला. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलली नव्हती, दुसरं काही केलं नव्हतं. वॉरंटीतल्या लॅपटॉपचं झाकण उघडण्याआधी तिच्या अटी मात्र वाचून घ्या.

प्रिंटरमध्ये डॉट मॅट्रिक्सला हा डस्टर फार मानवतो. पावत्या आणि चलनं छापायला इथं अजून टीव्हीएसचे आणि एप्सनचे डॉट मॅट्रिक्स चालतात. लांब जोडकागदाच्या कडांचा भुसा हेडच्या मार्गात साठतो, तो दोन मिनिटांत निघतो. लेझर प्रिंटरवर मात्र हवा अजिबात मारू नका. टोनरची पूड काही मायक्रॉनची असते, ती खोलीभर पसरते आणि श्वासात जाते. सांडलेला टोनर किंचित ओल्या कापडानं टिपावा. कापड गरम पाण्यात बुडवू नये, पूड चिकटते.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर, राऊटर, यूपीएसच्या जाळ्या, कीबोर्ड यांना ठीक. कीबोर्ड उभा धरून तिरकी हवा द्यावी. चहा सांडून चिकटलेली कळ यानं सुटत नाही. रॅपियर मागांच्या, म्हणजे धोट्याशिवाय चालणाऱ्या नव्या मागांच्या, कंट्रोल पॅनेलला मी डस्टर लावत नाही, मालकांनी कितीही आग्रह केला तरी. तिथं फुंकलेले तंतू कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरीची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, आत जाऊन बसतात. पॅनेलमध्ये व्हॅक्यूमनं ओढून घेणंच बरं, आणि तेही मागाच्या माहीतगार इलेक्ट्रिशियननं.

आता यंत्राच्या स्वतःच्या तब्येतीविषयी. पूर्ण जोरावर बॅटरी पंधरा मिनिटांच्या आसपास चालायची, आता त्याहून कमी चालते. सलग पाच-सहा मिनिटं चालवलं की हवा कोमट येते आणि मूठ तापते. तापलेलं असताना लगेच चार्जिंगला लावायचं नाही, लिथियमच्या सेलचं आयुष्य त्यानं घटतं. मी ते गार होईपर्यंत ब्रशचं काम उरकते. आवाज कर्कश आहे, शेजारच्या टेबलावर फोन चालू असेल तर थांबावं लागतं. मागांच्या गावात त्याचं कुणाला फारसं वाटत नाही.

खरी अडचण मागच्या जाळीची. डस्टर जी हवा फेकतो ती मागून ओढतो, आणि आमच्या हवेत तंतू असतातच. थोड्याच दिवसांत मागच्या जाळीवर पांढरा पडदा धरतो, हवा अपुरी मिळते, मोटर जास्त तापते आणि झोत मंदावतो. हे कळलं नाही तर माणूस बॅटरीला दोष देत बसतो. माझ्या डस्टरची जाळी आटे फिरवून निघते, म्हणून प्रत्येक कामानंतर ती दातांच्या जुन्या ब्रशनं झाडते. जाळी न निघणारा डस्टर कापडधंद्याच्या गावात कुणी घेऊ नये. पिठाच्या गिरणीत, सॉमिलच्या ऑफिसातही तेच म्हणेन.

वायरवाला मोठा ब्लोअर निम्म्याहून कमी किमतीत मिळतो, हवा भरपूर फेकतो आणि बॅटरीची कटकट नाही. डेस्कटॉपपुरतं काम असेल तर तो चांगला. पण या स्वस्त ब्लोअरच्या मोटरीत बहुधा कार्बन ब्रश असतात आणि ते चालताना ठिणग्या पाडतात. मागाच्या शेडमध्ये, तंतूंच्या ढिगाशेजारी तो चालवणं धोक्याचं आहे. उघड्या अंगणातच वापरा.

आणि कृपा करून मास्क लावा. रुमाल नाही, एन-९५. कापसाच्या धुळीनं फुप्फुसांना होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि आपल्या कायद्यात तो कामगारांचा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. डस्टर धूळ नाहीशी करत नाही, एका जागेवरून उचलून हवेत सोडतो. वर्षभर कॅबिनेटमध्ये साठलेली धूळ त्या मिनिटाला तुमच्या नाकासमोर असते. माझ्या मदतनीस मुलाला मी मास्कशिवाय डस्टर हातात देत नाही. घरात लहान मुलं किंवा दम्याचे रुग्ण असतील तर त्यांना आधी दुसऱ्या खोलीत पाठवते. काम झाल्यावर फरशी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायला सांगते, केरसुणीनं नाही. नाहीतर संध्याकाळपर्यंत तेच तंतू परत पंख्यात जातात.

घेणार असाल तर दुकानात चालवून बघा, बारीक नळी लावून, आणि दोन मिनिटं तरी. नळी हवेच्या जोरानं निसटून उडत नाही ना, हे तपासा. माझी एक नळी सैल आहे, तिला टेप गुंडाळावी लागते. वेग कमी-जास्त करायची सोय हवीच, लॅपटॉपच्या नाजूक पंख्याजवळ पूर्ण जोर नको असतो. आणि बॅटरी बदलता येते का, ते आधी विचारा. माझ्या डस्टरचे सेल आत चिकटवून बंद केलेले आहेत, पुढचा डस्टर मी स्क्रूनं उघडणारा आणि बाजारात मिळणारे सेल बसणाराच घेणार आहे.