कूबर पीडी की ॲलिस स्प्रिंग्ज?

ऑस्ट्रेलियाच्या पोटातलं वाळवंट बघायचं म्हटलं की ही दोन नावं हमखास निघतात. दोन्ही स्टुअर्ट हायवेवरच, पण मध्ये जवळपास 690 किलोमीटर.

ॲलिस सोयीचं. विमानतळ, सुपरमार्केट, मोठं हॉस्पिटल, सगळं आहे. मात्र ‘उलुरू या प्रसिद्ध लाल खडकाजवळचं गाव’ या समजुतीवर जाऊ नका. तो खडक तिथून रस्त्याने साडेचारशे किलोमीटर दूर आहे!

कूबर पीडीची गोष्टच वेगळी. 1915 मध्ये इथे ओपल हे रत्न सापडलं आणि माणसं आली. उन्हाळ्यात पारा 45 च्याही वर जातो, म्हणून अनेकांनी टेकड्या पोखरून आतच घरं केली. हॉटेलं, चर्चदेखील भुईखाली. आत एसीशिवाय बारा महिने सुखद गारवा. दिवा मालवला की मात्र डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. गोल्फच्या मैदानावर गवत नाही, खेळाडू चेंडू ठेवून मारायला हिरवळीचा छोटा तुकडा सोबत घेऊन फिरतात.

लहान मुलं, आजी-आजोबा बरोबर असतील तर ॲलिस. नाहीतर मी डोळे झाकून कूबर पीडी म्हणेन. फक्त जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात जा आणि खाणींच्या भागात फोटोसाठी मागे मागे सरकू नका. उघडे खड्डे खूप आहेत.