फ्रीबीएसडीचं 'रेस्क्यू' फोल्डर: न मागता मिळालेली हत्यारं

फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली की रूटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये, 'रेस्क्यू' नावाचं एक फोल्डर आपोआप येऊन बसतं. एरवी तिकडे ढुंकून बघायची वेळ येत नाही. मी साताऱ्यात एका कर सल्लागाराचा सर्व्हर सांभाळतो. तिथे ऐन अपडेटमध्ये लाइट गेली, यूपीएसच्या बॅटरीनंही मान टाकली, आणि हे फोल्डर कामाला आलं.

लिबसी, म्हणजे बहुतेक प्रोग्रॅम ज्या सामायिक कोडवर चालतात ती लायब्ररी, अर्धवट लिहिली गेली होती. ती गेली की फाइलींची यादी दाखवणारा एलएस नाही, कॉपी करणारा सीपी नाही, आपल्या कमांड घेणारा साधा शेलसुद्धा उठत नाही. दुरुस्तीसाठीच्या सिंगल यूजर मोडमध्ये मशीन विचारतं, कुठला शेल देऊ? सवयीनं एंटर दाबलं की नेहमीचा शेल सुरू होऊ बघतो आणि तिथेच मरतो. तिथे पूर्ण पत्ता टाकून रेस्क्यूमधला एसएच हा शेल मागायचा. तो उठतो, कारण त्याला लागणारं सगळं त्याच्या पोटातच बांधलेलं असतं. मग डिस्क तपासणारा तिथलाच एफएससीके चालवला, रूट लिहिण्याजोगी माउंट केली (म्हणजे जोडली), फाइलींचे गठ्ठे उघडणाऱ्या तिथल्याच टारनं बॅकअपमधली लिबसी जागेवर आणून ठेवली. रीबूट केल्यावर लॉगिन आलं.

जानेवारी 2004 मधल्या 5.2 आवृत्तीपासून हे फोल्डर आहे. बिन आणि एसबिन या फोल्डरांमधले मूलभूत प्रोग्रॅम त्याच आवृत्तीत सामायिक लायब्ररींवर टाकले गेले. जागा वाचली, पण एक लायब्ररी बिघडली की सगळंच आडवं. त्यावर हा उतारा. आत एलएस मारलं तर घाबरायला होतं: शंभरच्या वर फाइली आणि प्रत्येक काही एमबीची! खरं तर फाइल एकच आहे, बाकी जवळजवळ सगळी तिचीच नावं, हार्ड लिंकनं (एकाच फाइलला अनेक नावं देण्याच्या सोयीनं) जोडलेली. कुठल्या नावानं हाक मारली त्यावर ती काय करायचं ते ठरवते. मजकूर बदलायला व्हीआय आहे, डिस्कच्या कामाला झेडएफएस आहे, नेटवर्कसाठी आयएफकॉन्फिग आणि डीएचक्लायंटही आहेत.

उणिवा आहेतच. दुरून मशीनमध्ये शिरायला लागणारं एसएसएच नाही, त्यामुळे मशीनसमोर जाऊन बसावं लागतं. आणि फोल्डर त्याच रूटवर असल्यानं डिस्कच गेली तर तेही गेलं. मशीन सुरू करून देणारी यूएसबी ठेवावीच लागते. फ्रीबीएसडीची भावंड असलेली ओपनबीएसडी या बाबतीत कडक आहे. तिथे बिन आणि एसबिनच मुळात स्थिर बांधणीचे, म्हणजे लायब्ररी पोटातच असलेले, वर रूटमध्ये रॅमडिस्कचा, म्हणजे मेमरीतूनच चालणारा, वेगळा कर्नेल (सिस्टिमचा गाभा).

तरीही माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पॅकेज म्हणून वेगळं टाकायला ठेवलं असतं, तर त्या ऑफिसात ते कोणी टाकलंच नसतं.